हारामागचा केशरी दिवा

खंडेनवमीला मी कंपनीच्या सर्व्हरला झेंडूचा हार घातला, आणि त्या हारामागे पेटलेला केशरी दिवा मला तुळशीचं लग्न लागेपर्यंत दिसला नाही.

कोणी म्हणेल, झेंडू केशरी, दिवाही केशरी, एखाद्याला नाही दिसत. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होतो. पण त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी जात नाही, आणि मला पगार मिळतो तो असल्या दिव्यांकडे बघण्याचाच. देवळातल्या पुजाऱ्याला समई विझलेली दिसू नये, तशातली ही गत.

आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. मी तिथला आयटीवाला. म्हणजे सर्व्हर माझा, नेटवर्क माझं, अडकलेला कागद प्रिंटरमधून ओढून काढायचा तोही मीच. माझा मेव्हणा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असतो. मी कोणाला 'आयटीत आहे' म्हणालो की तो लगेच दुरुस्त करतो, "आयटीत नाही हो, कंपनीत आहेत." सांगवीहून रोज सकाळी कंपनीच्या बसने जाताना मी हा अपमान गिळतो आणि उतरेपर्यंत पचवतो. तर, अशा माणसाला वर्षातून एकदा तरी आपण महत्त्वाचे आहोत असं वाटावं, यात गैर काय?

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशीनं बंद असतात. प्रेस, लेथ, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना धुऊन पुसून हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. ज्याचं मशीन त्याने सजवायचं, आणि त्यात चढाओढ असते. सर्व्हर रूमच्या वाट्याला मात्र दरवर्षी दाराबाहेर एक उदबत्ती यायची. त्या वर्षी मला वाटलं, वर्षभर राबणारं माझं मशीन, त्याने काय पाप केलंय? मी सर्व्हर चक्क बंद केला. आतली धूळ काढली, वर कुंकवाचं बोट लावलं आणि पुढच्या बाजूला, जिथे डिस्कच्या खणांची रांग आहे आणि प्रत्येक खणाला एक बारीक दिवा आहे, तिथे हा जाडजूड हार सोडला. मग प्लँट सांभाळणारे साहेब आरतीला येताना पाहून मोठ्या थाटात सर्व्हर पुन्हा चालू केला.

आमच्या धंद्यातला कोणीही हे वाचून कपाळाला हात लावेल. कित्येक वर्षं एका दमात फिरत असलेल्या डिस्क कधी विनाकारण थांबवू नयेत. फिरत असतात तोवर फिरतात. थांबून गार झाल्या की एखादी पुन्हा उठतच नाही. रोज फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्याला 'आज आराम करा' म्हणून झोपवावं आणि दुसऱ्या दिवशी त्याचे गुडघे धरावेत, तसं.

आरतीच्या ऐन मध्यावर सर्व्हर किंचाळायला लागला. बारीक, चिकट आवाज. मला वाटलं, माणसांची गर्दी, उदबत्तीचा धूर, दार उघडं, म्हणून तापला असेल. मी पटकन कीबोर्डवरून त्याचं तोंड बंद केलं. साहेब म्हणाले, "अरे वा, मशीनपण आरती म्हणतंय!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

आता हे नक्की काय झालं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या सर्व्हरमध्ये पाच डिस्क एकत्र बांधलेल्या होत्या. असं समजा, पाच जण टेबलाशी बसलेत. चौघांनी प्रत्येकी एक आकडा लक्षात ठेवलाय आणि पाचव्याने त्या चौघांची बेरीज. एक जण गैरहजर राहिला तरी त्याचा आकडा हरवत नाही. उरलेल्यांना विचारायचं, वजाबाकी करायची, आकडा मिळतो. फक्त गंमत अशी की, गैरहजर माणसाचं काही विचारलं की दरवेळी बाकीच्या चौघांना हातातलं काम सोडून उठावं लागतं. काम होतं, पण रडतखडत. आणि या चौघांतला आणखी एक कोसळला तर मग बेरीज नाही, वजाबाकी नाही, काहीच नाही.

आमचा एक जण खंडेनवमीलाच गैरहजर झाला होता. मी त्याच्या रिकाम्या खुर्चीला हार घातला होता.

दसऱ्यापासूनच कंपनीत 'सिस्टीम स्लो आहे' सुरू झालं. मी आधी नेटवर्कला दोष दिला. मग प्रिंटरला. मग दिवाळीच्या गर्दीला. रोज पहाटे संपणारा बॅकअप सकाळची शिफ्ट लागली तरी संपेना, आणि त्यामुळे सिस्टीम आणखी रेंगाळायची. मी काय केलं, तर बॅकअपच बंद केला. सिस्टीम थोडी पळायला लागली. 'ट्यूनिंग केलं' असं मी साहेबांना सांगितलं, आणि जेवायच्या सुट्टीत दही जास्त घेतलं.

या सगळ्यात खरा जीव जात होता तो भाऊंचा.

भाऊ म्हणजे आमच्या डिस्पॅचचे सुपरवायझर. पन्नाशीचे, याच पट्ट्यातल्या जुन्या गावचे. कंपनी उभी राहिली तेव्हापासून तिथे, पण ठेकेदाराच्या माणसांत. पर्मनंट लोकांना निळा शर्ट, ठेकेदाराच्यांना करडा. भाऊंनी इतकी वर्षं करडाच घातला होता, आणि नव्याने लागलेले निळे शर्टवाले त्यांना विचारून गाड्या भरत होते. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'कॉम्प्युटर' होतो.

त्या दिवाळीला साहेबांनी भाऊंना शब्द दिला होता. दिवाळीनंतरचा महिना एकही गाडी न चुकता गेला, की पर्मनंटसाठी नाव वर पाठवतो. नुसता शब्द नाही, गणवेशाचा शिंपी माप घ्यायला कंपनीत आला तेव्हा साहेबांनी भाऊंनाही रांगेत उभं केलं. भाऊ छाती फुगवून उभे. शिंपी म्हणाला, "काका, श्वास सोडा, नायतर शर्ट ढगळ होईल." भाऊ म्हणाले, "ढगळच शिव. यंदा पोट सुटणार हाय माझं."

आमचा माल ज्या मोठ्या कारखान्याला जातो, त्यांच्याकडे गोदाम नावाचा प्रकार नाही. गाडी वेळेवर आली पाहिजे, नाहीतर त्यांची लाइन उभी राहते. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ भाऊंनी आधीच धरलेला असायचा. पण प्रत्येक पेटीवर सर्व्हरमधून निघालेलं लेबल लागतं, आणि लेबल तर आता एकेक करून, विचार करत, जांभया देत बाहेर यायचं.

एक दिवस भाऊ सर्व्हर रूममध्ये घुसले. "काय कॉम्प्युटर, दाखवा बरं आमाला तुमचं ते डबडं. बगू दे कोन झोपलंय आत."

"भाऊ, तुम्ही एंटर फार वेळा दाबता, म्हणून होतं तसं," मी म्हणालो. हे मी तेव्हा खरंच म्हणालो होतो.

"व्हय, बोटंच वाईट माझी." ते बोलता बोलता सर्व्हरसमोर थांबले. "आन् ह्यो काय? तुळशीचं लगीन झालं, अजून दसऱ्याचा हार? वाळून पाचोळा झाला की. द्या इकडं, जाता जाता निर्माल्यात टाकतो." आणि त्यांनी हार ओढला. चुरा झालेला झेंडू सगळ्या फरशीवर सांडला, आणि चार हिरव्या दिव्यांच्या मधला एक केशरी दिवा माझ्याकडे बघू लागला.

मी दिवे बोटाने पुन्हा मोजले. भाऊंनी विचारलं, "काय झालं? चेहरा का पडला?"

"काही नाही," मी म्हणालो. "एक सुटा भाग बदलायचाय. बदलला की सिस्टीम पळेल."

निम्मं खोटं होतं. नवी डिस्क बसवली की सिस्टीम लगेच पळत नाही, आधी आणखी बसते. नवा माणूस खुर्चीत येऊन बसला, पण त्याला एकही आकडा माहीत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक आकडा बाकीच्या चौघांना विचारून, हिशेब करून, त्याच्या कानात सांगायचा. याला रिबिल्ड म्हणतात. आणि चौघांनी हे करायचं ते आपलं रोजचं काम सांभाळून. ते चौघंही म्हातारे, एकाच खोक्यातून एकाच दिवशी आलेले. पहिला ज्या दुखण्याने गेला, ते दुखणं बाकीच्यांच्याही अंगात असणारच.

हे मला माहीत होतं. हे मी परीक्षेत लिहून पास झालेला माणूस आहे.

मी नवी डिस्क बसवली आणि रिबिल्ड पूर्ण वेगाने सोडला. एक-दोन दिवसांत संपला असता. पण त्या वेगात सर्व्हरला दुसरं काही सुचेना. लेबलांची पार दैना उडाली. दुपारी भाऊ पुन्हा दारात. या वेळी आवाज खाली होता, आणि तो मला जास्त लागला.

"राव, आजची गाडी कशीबशी घातली. उद्याची न्हाई जायची अशानं. महिनाअखेर आलीय. एवढं चार-पाच दिस काढून द्या. मंग तुमचं डबडं आठवडाभर झोपवा, आमी अंगाई म्हनतो."

आता इथे मी काय करायला हवं होतं? साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं की दोन दिवस लेबलं रखडणार, गाड्यांची दुसरी सोय करा, नाहीतर सगळं जाईल. पण मग 'कधीपासून असं आहे' हा प्रश्न आला असता, आणि उत्तरादाखल मला हार दाखवावा लागला असता. दुसरी सोय माझ्याकडे होती. रिबिल्डचा वेग कमी करता येतो. म्हणजे चौघांना सांगायचं, आधी गिऱ्हाईक बघा, उरलेल्या वेळात नव्याला शिकवा. लेबलं पळतात, फक्त रिबिल्ड दोन दिवसांऐवजी किती दिवस चालेल ते देवाला माहीत. आणि तेवढे सगळे दिवस सर्व्हर एका धाग्यावर लटकलेला.

मी भाऊंना म्हणालो, "तुमच्यासाठी करतो." हे वाक्य मला आजही चावतं. मी ते माझ्यासाठी केलं होतं.

वेग खाली ओढला आणि प्रिंटर धडाधड लेबलं ओकायला लागला. भाऊंनी प्रिंटरजवळूनच ओरडून सांगितलं, "कॉम्प्युटर, तुमी जादूगार हाय!" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी घरून भाकरी आणि पावट्याची आमटी आणली. मी ती बोटं चाटून खाल्ली, आणि खाता खाता स्क्रीनवर रिबिल्डचा टक्का बघत होतो. तो टक्का मुंगीच्या पायाने चालत होता. रोज सकाळी बस मोशी ओलांडेपर्यंत मी मनातल्या मनात अंदाज बांधायचो, आज कुठवर पोचला असेल. आत जाऊन बघितलं की माझ्या अंदाजाच्या अर्ध्यावर.

गाड्या मात्र जात होत्या. एकही चुकली नाही. भाऊ रोज मला दुरून अंगठा दाखवायचे.

महिन्याचा शेवट एकदोन दिवसांवर आला असताना, भर सकाळी, शिफ्ट नुकतीच लागलेली, दुसरी डिस्क गेली. रिबिल्ड अर्ध्याच्या थोडा पुढे होता. मी त्याच खोलीत होतो. आवाज आला नाही, कारण आवाज मीच बंद करून ठेवला होता. एक हिरवा दिवा केशरी झाला, आणि बाहेरचे प्रिंटर एकदम गप्प झाले. इतकी शांतता डिस्पॅचच्या बाजूला मी खंडेनवमीलाच ऐकली होती.

पुढचं थोडक्यात. डेटा गेला. बॅकअपमधून काढायला गेलो तर शेवटचा बॅकअप मी 'ट्यूनिंग' करण्याच्या आधीचा, म्हणजे दिवाळीपूर्वीचा. मधला सगळा व्यवहार गेटवरच्या कागदांवरून पुन्हा टाइप करावा लागला. मी घरी न जाता कंपनीतच पडून राहिलो, तिथल्याच टॉवेलने तोंड पुसत. आणि भाऊंच्या भरलेल्या गाड्या, लेबलाविना, आमच्याच गेटच्या आत उभ्या राहिल्या. पलीकडे त्या मोठ्या कारखान्याची लाइन थांबली.

मग मीटिंग झाली. मी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. फळ्यावर पाच गोल काढले. एकावर फुली मारली. हाराचं सांगितलं, आवाज बंद केल्याचं सांगितलं, बॅकअप बंद केल्याचं सांगितलं, रिबिल्डचा वेग मीच कमी केला, तो करायला नको होता, हेही सांगितलं. आयुष्यात इतकं खरं मी एका दमात कधी बोललो नव्हतो.

साहेब लक्षपूर्वक ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "म्हणजे हार्डवेअर फेल्युअर."

"नाही सर, चूक माझी..."

"एकाच वेळी दोन डिस्क जाणं हे कोणाच्या हातात असतं? तुम्ही बसा." आणि सगळ्यांकडे वळून, "हा माणूस घरी गेला नाही. इथेच झोपला. याला म्हणतात ओनरशिप." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खडू हातात धरून उभा. कबुली द्यायला गेलो आणि व्याख्यान देऊन बसलो. माझ्या मूर्खपणात इतके तांत्रिक शब्द होते की तो हुशारीसारखा दिसत होता.

"आता डिस्पॅच," साहेब म्हणाले. "गाड्या का थांबल्या?"

भाऊंच्या चुकीत एकही तांत्रिक शब्द नव्हता. ते उठून उभे राहिले. "लेबल निगंना सायेब."

"हाताने का नाही लिहिली?"

"हातानं लिवलेलं ते घेत न्हाईत, सायेब."

"फोन केला होता त्यांना? विचारलं होतं?"

भाऊंनी नाही म्हणून मान हलवली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यांचा दोष न्हाई. ते दुरुस्तीचं काम हळू चालवा असं मीच म्हनलो हुतो त्यास्नी."

मला वाचवायला बोलले ते. साहेबांचा चेहरा बदलला. "म्हणजे सर्व्हर कसा चालवायचा ते डिस्पॅच ठरवणार?" कोणीतरी हसलं. मी "सर, तसं नाही" म्हणालो, दोनदा म्हणालो, पण खुर्च्या सरकायला लागल्या होत्या, आणि मी काही टेबलावर हात आपटणाऱ्यांतला नाही. मी फार तर कीबोर्डवर आपटतो.

ठेकेदाराने त्याच आठवड्यात भाऊंना दुसरीकडे हलवलं, शिक्रापूर रस्त्याच्या बाजूला एका ट्रक पार्किंगच्या यार्डात, गाड्यांच्या नोंदी करायला. त्यांच्या जागी नवा माणूस आला. कोणती गाडी आधी भरायची, कोणता ड्रायव्हर कुठे चहाला रेंगाळतो, कोणत्या पेटीचा तळ कच्चा, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. रोज जो तो आपलं काम सोडून त्याला सांगत बसायचा. कितीतरी आठवडे डिस्पॅच रखडत होतं. त्याबद्दल कोणी मीटिंग घेतली नाही, फळ्यावर गोल काढले नाहीत. नवा आहे, शिकेल, असं साहेब समजुतीने म्हणायचे. सर्व्हरच्या बाबतीत एवढी समजूत मला दोन दिवस मिळाली असती तर? मिळाली असती, कदाचित. मी मागितलीच नव्हती.

मला स्नेहसंमेलनात काचेचं एक सन्मानचिन्ह मिळालं. सांगवीच्या घरात ते फ्रिजवर असतं. मेव्हणा आला की ते हातात घेऊन विचारतो, "हे नक्की कशाबद्दल?" मी विषय बदलतो.

आणि मग शिंप्याकडून शर्ट आले. निळ्या शर्टांच्या गठ्ठ्यात भाऊंच्या मापाचा एक होता, कारण माप रद्द करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. स्टोअरवाला म्हणाला, "एवढा ढगळ कोणाला होणार? पुसायच्या कापडात टाकतो." मी तो मागून घेतला. बरेच दिवस बॅगेत घेऊन फिरलो. एका सुट्टीच्या दिवशी शेवटी यार्डात गेलो.

भाऊ पत्र्याच्या शेडखाली बसले होते, करड्याच शर्टात. मला बघून उठले, खुर्ची दिली, चहा सांगितला. तब्येत उतरली होती. घरचं विचारलं मी, त्यांनी माझ्या घरचं विचारलं. मग मी पिशवी पुढे केली. त्यांनी शर्ट उलगडला, खांद्याला लावून बघितला, पुन्हा नीट घडी घातली.

"भाऊ, मी मीटिंगमध्ये सगळं सांगितलं होतं हो," मी म्हणालो. "चूक माझीच आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्यांना कळलंच नाही."

"ऐकलं की मी. तितंच हुतो." त्यांनी शर्ट पिशवीत घातला आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "पाच गोल काडले तुमी, लई झ्याक काडले. साळामास्तर शोभत हुता."

"नाही हो भाऊ, खरंच..."

"आयका, कॉम्प्युटर. तुमाला गाडीवाल्याशी भांडता येत न्हाई, सायबाशी बोलता येत न्हाई, आन् समोर पेटल्याला दिवा दिसत न्हाई. ह्यो शर्ट तुमीच न्या. ढगळ हाय, आत लपाय बरा पडंल."